पाण्याचं दूध, दुधाचं पाणी

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, मला म्हणाल्या, "तुमची बहीण या महिनाअखेर निवृत्त होतेय. वार्षिक अंकासाठी तिच्यावर चार ओळी लिहून द्या. तुमच्याइतकं तिला कोण ओळखतं?" मी खरोखर चारच ओळी लिहिल्या. प्रामाणिक, कष्टाळू, मुलांची लाडकी, पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा. मग ते पान फाडून टाकलं. जिच्यावर जन्मभर जळले तिच्या निरोपाला असलं मिळमिळीत लिहायचं, हे काही मला जमेना. आता लिहितेय ते मोठ्या बाई छापणार नाहीत. न छापोत.

धाकटी माझ्याहून तीन वर्षांनी लहान. शाळेत तिला सगळे मावशी म्हणायचे, मी धाकटीच म्हणते. ती प्रयोगशाळेत परिचर. नळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, दिव्यांत स्पिरिट भरायचं आणि तासाला मी मागेन ते हातात द्यायचं, एवढंच तिचं काम. शिक्षण दहावी. ती दहावीत असताना आईनं अंथरूण धरलं. घरी कुणीतरी थांबणं भाग होतं आणि मी तेव्हा कॉलेजात होते. "कोण थांबतं?" असं कुणी विचारलंच नाही. धाकटी थांबली, मी शिकले, रसायनशास्त्राची शिक्षिका झाले. आई गेली तेव्हा धाकटीनं तिशी गाठली होती. मग मीच शाळेत तिच्यासाठी शब्द टाकला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

कारण प्रयोग तिचं ऐकायचे, माझं नाही. हायड्रोजनचा प्रयोग घ्या. जस्तावर विरल आम्ल ओतायचं, नळीच्या तोंडाशी जळती काडी न्यायची की फट् असा आवाज येतो. माझ्या हातात काडी नुसती विझायची. मुलं तोंडावर हात धरून हसायची. मग धाकटी पुढे यायची, तेच जस्त, तेच आम्ल, तीच नळी, आणि असा फटाका वाजायचा की पहिल्या बाकावरच्या मुली किंचाळायच्या. "ताई, तू घाई करतेस," ती हळूच म्हणायची. "हवा नळीत भरू तर दे." नाचता येईना अंगण वाकडं हे मी नोकरीभर शेकडो मुलांना ऐकवलं असेल. तिच्यासमोर मी निमूट फळ्याकडे वळायचे आणि समीकरण लिहायचे.

तिला समीकरण येत नव्हतं. ऑक्सिजनला ती "पेटवणारी हवा" म्हणायची आणि कार्बन डायऑक्साइडला "विझवणारी हवा". एकदा सहामाहीच्या पेपरात सदतीस मुलांनी लिहिलं, "खाण्याचा सोडा व आम्ल एकत्र केल्यास विझवणारी हवा तयार होते." मी सदतीस जणांचे गुण कापले. एक मुलगी पेपर घेऊन माझ्याकडे आली. "बाई, पण ती विझवतेच ना? मावशींनी मेणबत्ती विझवून दाखवली." मी तिला वर्गाबाहेर उभं केलं. तिचं काय चुकलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

माझी सख्खी मुलगीसुद्धा अभ्यासाला खालच्या मजल्यावर मावशीकडे पळायची. मी शिकवलं की रडायची, मावशी शिकवायला लागली की हसण्याचा आवाज जिन्यातून वर यायचा. मी स्वयंपाकघरात भांडी आदळायचे. नवरा म्हणायचा, "अगं, बहीणच आहे ना तुझी?" बहीण होती म्हणूनच तर अंगाचा तिळपापड व्हायचा. परक्या बाईवर इतकं जळायला मला वेळ नव्हता.

तिचा सगळ्यात गाजलेला खेळ चुन्याच्या निवळीचा. निवळीत नळीनं फुंकलं की ती पांढरी होते, हे कुठल्याही पुस्तकात आहे. श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळलेल्या चुन्याला भेटला की त्याचा खडू होतो, आणि त्या खडूचे बारीक कण पाणी दुधाळ करतात. आम्ही सगळे तिथंच थांबतो. धाकटी थांबायची नाही. ती निवळीत भरपूर पाणी घालून ती मुद्दाम पातळ करायची आणि मुलांना पाळीपाळीनं फुंकतच राहायला सांगायची. पाण्याचं दूध व्हायचं आणि मग हळूहळू दुधाचं पुन्हा नितळ पाणी. त्या खडूचा विरघळणारा पदार्थ होतो, एवढं मला ठाऊक होतं. मुलांना दिसायची ती जादू, आणि जादू करणारी मावशी.

आता मूळ गोष्ट. याला सतरा वर्षं झाली. धाकटी तोवर अकरा वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर होती. दरवर्षी कागद यायचा, आणखी एक वर्ष. त्या वर्षी ठरलं की तात्पुरत्या जागा एक तर कायम करायच्या, नाही तर बंद करायच्या. तपासणी अधिकारी येऊन काम पाहणार आणि तिथल्या तिथे शेरा लिहिणार. शेरा चांगला पडला तर तिची नोकरी कायमची. वाईट पडला तर महिन्याभरात घरी. तिचं दुसरं काही नव्हतं. लग्न नव्हतं, पदवी नव्हती, होती ती एवढी प्रयोगशाळा.

तेव्हाच्या मोठ्या बाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. मी मनातल्या मनात भाषण तयार करूनच गेले होते, कारण अधिकाऱ्यांसमोर प्रयोग शिक्षकच करणार आणि परिचर मदत करणार, हे उघड होतं. मोठ्या बाई धाकटीला म्हणाल्या, "तो तुमचा दुधापाण्याचा प्रयोग तुम्हीच करून दाखवा. काम तुमचं पाहायचंय ना त्यांना?" आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, तुम्ही मागं बसून पाहा." मागं बसून! वीस वर्षं शिकवल्यावर! धाकटी लाजली, माझ्याकडे बघून हसली. तिचं ते हसणं साधं होतं, पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच.

तपासणीच्या आदल्या दिवशी तिनं तिच्या पद्धतीनं सगळी मांडामांड केली. तिची रीत अशी की उद्याचं आजच तयार करायचं आणि मग त्याला हात लावायचा नाही. तिनं शंकुपात्रात पातळ निवळी भरली, वर रबरी बूच बसवलं, शेजारी काचेची नळी ठेवली, सगळ्यावर धुतलेलं फडकं टाकलं. शाळा सुटल्यावर ती घरी गेली. मी वह्या तपासायच्या आहेत म्हणून थांबले. प्रयोगशाळेची किल्ली आम्हा दोघींकडेच असायची.

पाप करायला गेले नव्हते मी. मला फक्त करून बघायचं होतं. आपल्या हातून होतं का, एवढंच. फडकं काढलं, बूच काढलं, नळी घातली आणि फुंकायला लागले. दूध झालं. मला इतका आनंद झाला की काय सांगू! मग मी थांबेना. गाल दुखायला लागले, डोकं गरगरायला लागलं, तरी फुंकत होते, जणू वीस वर्षांचं सगळं साठलेलं त्या काचेत ओतत होते. पाव तासानं दुधाचं पाणी झालं. पात्र अगदी होतं तसं दिसत होतं. आता त्यात उद्या कुणी कितीही फुंको, दूध होणार नव्हतं, कारण व्हायचं ते सगळं होऊन गेलं होतं.

नवी निवळी करायला दहा मिनिटं लागली असती. चुन्याची बाटली समोर फळीवर होती. मी पात्राकडे बघत उभी राहिले. मग बूच बसवलं, नळी पुसली, फडकं टाकलं आणि घरी आले. सकाळी तिला सांगू असं मनात म्हणाले. सकाळी इतकी धांदल उडाली की बोलायला सवडच मिळाली नाही.

तपासणी अधिकारी उंच, चष्म्यावरून बघणारे, हातात आखलेला कागद. सातवीचा वर्ग समोर बसला होता. धाकटीनं पहिल्या बाकावरच्या, दोन वेण्या घातलेल्या एका मुलीला पुढे बोलावलं. "फुंक गं, आपल्याला पाण्याचं दूध करायचंय." मुलीनं फुंकलं. बुडबुडे आले, दूध आलं नाही. आणखी फुंकलं. गाल लालबुंद, डोळे पाणावलेले. दुसऱ्या दोघी आल्या. काही नाही. मागच्या बाकावर मी वहीत मान घालून बसले होते. माझ्या कानाशी माझंच रक्त धडधडत होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्या धडधडीत थोडा आनंदही होता. आता कळेल हिला, असा.

अधिकारी म्हणाले, "नुसतं पाणी दिसतंय हे."

धाकटी घाबरली नाही. ती दोन क्षण पात्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाणी आहे की निवळी, ते बघूया साहेब." तिनं थोडं पाणी परीक्षानळीत घेतलं, चिमट्यात धरलं आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायला लागली. मुलांनी माना उंचावल्या. पाणी उकळलं आणि नळी पांढरी झाली.

"हे बघा," ती म्हणाली. "वापरलेल्या निवळीचं पाणी मी टाकत नाही. भांडी धुवायला तापवते, तेव्हा ते पुन्हा असं दुधाळ होतं. म्हणजे ही निवळीच आहे. फक्त आपल्या आधी कुणीतरी पोटभर फुंकून गेलंय."

हे समीकरण मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. तापवल्यावर खडू परत मिळतो, बाणाच्या डोक्यावर उष्णतेची खूण. एकदाही तापवून पाहिलं नव्हतं. तिला समीकरण येत नव्हतं आणि तिनं तेच समीकरण भांडी धुताना शोधून काढलं होतं. तेवढ्यातही मला वाटला तो हेवाच.

"कुणी फुंकलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं. खाई त्याला खवखवे. धाकटीनं मुलांकडे बघितलं नाही, माझ्याकडे तर नाहीच नाही. "मीच असेन साहेब," ती म्हणाली. "काल सराव केला, बदलायचं राहिलं."

अधिकाऱ्यांनी मान हलवली. "म्हणजे निष्काळजीपणा," असं म्हणत ते लिहायला लागले. वर्गात सगळी मुलं मावशीकडे अशा मायेनं बघायला लागली की मला ते पाहवेना. म्हणजे कौतुक तिचं, हुशारी तिची, आणि आता थोरपणाही तिचाच! माझा गुन्हासुद्धा तिनं स्वतःच्या नावावर करून घ्यायचा? मी ताडकन उठले.

"मी फुंकलं," मी म्हणाले. "काल शाळा सुटल्यावर. ती घरी गेली होती. तिला यातलं काही माहीत नाही."

लोक नंतर म्हणाले, केवढा मोठेपणा बाईंचा. मोठेपणा कसला? तेही जळूनच केलं होतं. पण झालं खरं. अधिकाऱ्यांनी लिहिलेली ओळ खोडली. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, ते बघणं मी विसरणार नाही. मग धाकटीला म्हणाले, "प्रयोग फसल्यावर तो का फसला हे दाखवणारी माणसं मला आमच्या कार्यालयातसुद्धा फार भेटत नाहीत." तिथल्या तिथे चांगला शेरा लिहून सही केली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला मोठ्या बाईंनी लेखी ताकीद दिली, ती मी अजून कपाटात ठेवली आहे.

घरी जाताना आम्ही रोज बरोबर चालायचो. त्या दिवशी ती पुढे निघून गेली. दुसऱ्या दिवशीही. आठ दिवस मी बघत राहिले, नवव्या दिवशी जिन्यात तिला अडवलं.

"किती दिवस अबोला धरणार आहेस? सगळ्यांदेखत कबूल केलं ना मी? नोकरी कायम झाली ना तुझी?"

"फुंकलंस त्याचं मला काही नाही, ताई," ती म्हणाली. "तू हौसेनं फुंकलं असशील. मीही पहिल्यांदा अशीच फुंकत बसले होते. पण सकाळी फाटकात मी तुला विचारलं होतं."

सवड मिळाली नाही, असं मी मघाशी लिहिलं ते खोटं आहे. धांदल वगैरे काही नव्हती. तपासणीच्या सकाळी शाळेच्या फाटकात धाकटीनं माझा हात धरला होता. "ताई, काल तू मागं थांबली होतीस ना? सगळं ठीक आहे ना गं? नवी निवळी करू का? अजून अर्धा तास आहे," असं तिनं विचारलं होतं. आणि मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले होते, "ठीक आहे सगळं. कशाला हात लावू नकोस."

जिन्यात मी तिची वाट सोडली. ती माझ्या बाजूनं खाली उतरून गेली. चार दिवसांनी बोलायला लागली, माझ्या मुलीला शिकवत राहिली, मी आजारी पडले तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसली. तिच्या वागण्यात कधी काही कमी पडलं नाही. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत आम्ही चौदा वर्षं त्याच प्रयोगशाळेत काम केलं. तिनं मला ठीक आहे का म्हणून पुन्हा कधी विचारलं नाही. प्रयोगाच्या दिवशी ती तासभर आधी यायची आणि प्रत्येक बाटली स्वतः उघडून बघायची.