ओ देऊ नये

गोड शेवटाची गोष्ट हाती आली की बाई विचारत, "यात भेव कुठी आहे?" भेव म्हणजे भीती. पवनीहून निघणाऱ्या आमच्या मुलांच्या त्रैमासिकाच्या त्या संपादक, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी त्यांच्याच. गावात त्यांना 'भेवाच्या बाई' म्हणत. बाई ते नाव पदवीसारखं मिरवत.

नवी गोष्ट छापण्याआधी त्या मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या वस्तीत जाऊन पोरांना वाचून दाखवत. वाचताना डोळे कागदावर कमी आणि पोरांच्या पायांवर जास्त. "तोंड खोटं बोलते, अंगठे नाही बोलत," असं त्यांचं शास्त्र. अंगठे आत वळले की गोष्ट पास.

एकदा एका लेखकाने चष्मा लावून शाळेत येणारा वाघ पाठवला. बाईंनी तो परत केला. "सरपणाले गेलेल्या बाया नेल्या इथं वाघानं. त्यायच्या लेकरायले हे वाचून दाखवू का मी?" मी नागपुरात शिकून त्यांच्या हाताखाली आलेली, शहाणपण नुसतं उतू चाललेलं. मला बाई अकारण कठोर वाटल्या.

पुढे त्यांनी गाळआजीची गोष्ट लिहिली. तळ्याच्या गाळात राहणारी ही म्हातारी पोरांना नावाने हाक मारते. ज्याने ओ दिली, तो गेला. शेवटची ओळ होती, 'हाक आली तरी ओ देऊ नये.' अंक छपाईला जायच्या आठवड्यातच बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि प्रुफं माझ्याकडे आली. मी शेवट बदलला. माझ्या शेवटात मुलगी ओ देते आणि गाळआजी तिची ओंजळ शिंगाड्यांनी भरते. बाईंना न विचारता मी त्यांचं भलं करून टाकलं होतं.

अंक गावोगावी पोचले आणि नाकाडोंगरीकडच्या एका मास्तरांचा फोन आला. दुसरीतली एक मुलगी ताटली घेऊन तळ्यात उतरली होती. जाळं टाकणाऱ्याला पाण्यावर तिची वेणी दिसली, म्हणून वाचली.

डोळ्याला पट्टी बांधून बसलेल्या बाईंना मी सगळं सांगितलं. हाकलून देतील असं वाटलं होतं. "चाल," एवढंच म्हणाल्या.

मुलगी खाटेवर बसली होती. बाईंनी विचारलं, "पाण्यात काहून गेली व तू?"

"आजीनं हाक मारली. मी ओ देल्ली." मग ती हळूच म्हणाली, "शिंगाडे कधी देईल ते?"

परतताना एसटीत बाई म्हणाल्या, "तो शेवट लिहिताना तुले स्वतःले भेव वाटलं का?" मी नाही म्हणाले. "मग हात लावाले नको होता तुनं."

जुना शेवट छापलेल्या चिठ्ठ्या घेऊन आम्ही गावोगाव हिंडलो. शाळाशाळांतून अंक मागवायचे, माझ्या शेवटावर चिठ्ठी चिकटवायची, आणि बाईंनी जुना शेवट पोरांना मोठ्याने वाचून दाखवायचा. डॉक्टरांनी धूळ आणि प्रवास दोन्ही बंद केले होते. मी हात जोडले, तर म्हणाल्या, "डोळे दोन आहेत मले. लेकराचा जीव एकच राहते." त्या हिंडण्यात डोळ्यात पू झाला आणि तो डोळा कायमचा गेला. त्यावरून त्यांनी मला एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

सगळे अंक दुरुस्त झाले, एक सोडून. तो शहापूरच्या थांब्यावर एका अनोळखी बाईने आपल्या लेकीसाठी घेतला होता. ती कुठल्या गावची, कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनी अंथरूण धरलं, तरी पावसाळा लागला की रोज विचारत, "तो अंक सापडला का?" तळी भरत आली, तशा त्या दिवसातून दोनदा विचारू लागल्या. शेवटी श्वास लागला तेव्हा मी सांगितलं, सापडला, चिठ्ठी लावली.

"बरं झालं व माय," बाई म्हणाल्या, आणि संध्याकाळी गेल्या.

तो अंक अजून सापडलेला नाही.