नळीतली हवा

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा तिथल्या इस्पितळात मी नर्स होते. ऑपरेशनच्या वेळी रक्ताच्या बाटल्या चढवायचं काम माझ्याकडे. रोग्याला सुई जोडण्याआधी रबरी नळीला टिचक्या मारून हवेचा शेवटचा बुडबुडा बाहेर काढायचा. यात माझा हात सगळ्यांत चांगला, असं मोठे डॉक्टरच म्हणायचे.

मग दक्षिणेतल्या एका मोठ्या इस्पितळात हृदय-फुप्फुसाचं यंत्र शिकायला आमच्यातली एक नर्स पाठवायचं ठरलं. निवड झाली माझ्याच खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीची. ती दुर्गच्या जुन्या मराठी घरातली, फाडफाड इंग्रजी बोलणारी. मी भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी. मुलाखतीत प्रश्न कळले, पण उत्तरं तोंडातच राहिली.

"तुले राग आला का वो?" ट्रंक भरताना तिनं विचारलं.

"मले कावून येईल?" म्हणत मी तिच्या साड्यांच्या घड्या घालू लागले. त्यातली एक मुद्दाम चुरगळून खाली दाबली.

सहा महिन्यांनी ती परतली, आणि जेवताना, कपडे वाळत घालताना तेच बोलणं. हृदय थांबवतात, रक्त यंत्रातून फिरतं, आणि हिची नजर नळ्यांवर. "एक बुडबुडा डोक्यात गेला, की खतम. मी थांबा म्हटलं तर सर्जनसुद्धा थांबते!" सर्जन हिच्यासाठी थांबतात!

एका दुपारी बांधकामावरून पडलेला एक मजूर आणला. रक्त फार गेलेलं. उलट्या टांगलेल्या बाटलीत रबरी फुग्यानं हवा भरून रक्त जोरात ढकलायचं होतं. डॉक्टरांनी फुगा तिच्या हाती दिला, मला नाडी धरायला लावली. ती फुगा दाबत होती आणि डॉक्टरांना त्या यंत्राचं सांगत होती. रक्त बुचापर्यंत उतरलेलं मला दिसलं. मी बोलायला हवं होतं. होऊ दे हिची फजिती, एवढंच मनात आलं आणि मी गप्प राहिले. बाटली संपली. बोटभर हवा नळीत शिरली, झरझर खाली येऊ लागली. तेव्हा कुठे मी झडप घालून नळी चिमट्यानं बंद केली.

ती पांढरीफटक पडली. मजूर वाचला.

"हिच्यामुळे वाचला," तिनं डॉक्टरांना सांगितलं. "पुढच्या खेपेला हिलाच पाठवा."

पुढची खेप आलीच नाही. वर्षभरात तिला मात्र त्या दक्षिणेतल्या इस्पितळात कायमची नोकरी लागली. दुर्ग स्टेशनवर पोचवायला मी गेले. गाडी सुटायच्या आधी मी खिडकीशी म्हणाले, "त्या दिवशी मले आधीच दिसलं होतं."

"मालूम आहे मले," ती म्हणाली. "तुह्या नजरेतून असं काही सुटते का कधी?"

गाडी हलली. मी हातसुद्धा हलवला नाही. सारं ठाऊक असून ती डॉक्टरांसमोर माझ्या बाजूनं बोलली होती. मला ते जमलं नसतं. फलाटावर उभी राहून मी तिच्या त्या मनाचाही हेवाच करत होते.