वर्लिनला न आठवणारा सामना

वर्लिन कोपेकीबद्दल गावात पुष्कळ जण सांगतील, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. पण एक गोष्ट फक्त मला ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

१९७१ ते ७४ तो आमच्या नेब्रास्कातल्या लहानशा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळायच्या फुटबॉलच्या, संघात होता. चेंडू काखेत दाबून धावायला लागला की तिघं-चौघं अंगाला लोंबकळत असतानाही पाच-सहा यार्ड पुढे सरकायचा. बाप योसेफ मक्याची शेती करायचा. प्रत्येक सामन्याला येऊन टोपी मांडीवर ठेवून बसायचा. टाळी मात्र त्याने कधी वाजवली नाही. मी संघाचं सामान सांभाळायचो.

शेवटच्या सामन्याला व्यावसायिक संघाची दोन माणसं वर्लिनला बघायला आली होती. मध्यंतराच्या जरा आधी त्याच्या डोक्याला दणका बसला. तो उठला आणि सरळ समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसला. आमच्याकडे रीत अशी, की डोक्याला लागलेल्या खेळाडूचं हेल्मेट डॉक्टर काढून घेत आणि माझ्याकडे देत. हेल्मेटशिवाय कुणाला मैदानात उतरता येत नाही. मी ते पेटीत टाकलं आणि पेटीवरच बसलो.

मध्यंतरानंतर वर्लिन आला. "ऑर्विल, दे ना रे."

"डॉक्टरांना विचार."

"ते तिकडे कुणाचा तरी गुडघा बघतायत. ती माणसं निघून जातील! अंड्यांवर कोंबडी बसावी तसा बसलायस. ऊठ ना."

"आज वार कोणता?" डोक्याला लागलेल्यांना डॉक्टर विचारत तेच मी विचारलं.

"शनिवार!"

मागून कुणीतरी त्याला कुजबुजून सांगितलं होतं. ते मलाही ऐकू आलं. तरी मी उठलो.

उरलेल्या वेळात तो एकशे बासष्ट यार्ड धावला. आमच्या कॉलेजात तेवढं आजवर कुणी धावलेलं नाही. व्यावसायिक संघाने त्याला घेतलं, पण ऑगस्टच्या सरावातूनच परत पाठवलं. ठरलेल्या चाली तो विसरायचा. मग पस्तीस वर्षं त्याने गावातल्या धान्याच्या कोठारावर काम केलं. लोक त्या सामन्याच्या आठवणी काढायचे तेव्हा नुसती मान हलवायचा. त्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे गेलो. त्याची बायको मार्लीस बशीत कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, ठेवून आत गेली.

"सामना संपल्यावर बाबा मैदानात आले होते म्हणे," तो म्हणाला. "पुढच्याच वसंतात गेले ते. विचारायचं राहून गेलं. तू जवळ होतास ना? शाबासकी दिली का रे त्यांनी?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही. त्यांनी दोन्ही हातांत तुझा चेहरा धरला, तुझ्या डोळ्यांत बघितलं आणि आमच्याकडे वळून विचारलं, 'याला परत कुणी पाठवलं?' कुणीच बोललं नाही. मीही नाही. हेल्मेट मीच दिलं होतं, वर्लिन."



"म्हणजे मी भानावर नाही हे त्यांना कळलं होतं," तो म्हणाला. मग बशी माझ्याकडे सरकवली. "खा. नाहीतर मार्लीस मला बोलेल."