मशीनची माफी

"मशीनची माफी माग," साहेब म्हणाले.

खंडेनवमीचा दिवस होता. वाळूजच्या कारखान्यात, पत्र्याचे भाग ठोकून काढायच्या प्रेसशॉपमध्ये सगळी मशिनं धुऊन पुसून पूजेला मांडलेली. सगळ्यांत जाड झेंडूचा हार माझ्या प्रेसला. समोर मी, उजवा हात गळ्यातल्या झोळीत. त्याच प्रेसनं माझी चार बोटं नेली त्याला आठवडाही झाला नव्हता. बँडेजबाहेर अंगठा तेवढा उरला होता.

सकाळी कंपनीची गाडी आमच्या हर्सूलच्या गल्लीत आली, तेव्हा मी काय खूश झाले होते! वाटलं, साहेबांना दया आली. मला एका हातानं नेसता येईना म्हणून आईनं तिची ठेवणीतली साडी मला नेसवली. मी गाडीत बसून गेले ते अख्ख्या गल्लीनं बघितलं. इतकी भोळी होते मी. भोळी कसली, खुळी.

"बाईचं रक्त सांडलंय त्याच्यावर. विटाळ झालाय. तेव्हापासून मशीन नीट चालत नाही," साहेब म्हणाले. शिकलेला माणूस. परदेशात जाऊन आलेला.

रक्त माझं सांडलं, आणि बाटलं मशीन.

मी डाव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं. सुपरवायझर खेकसला, "ए, डाव्या हातानं कुंकू लावतेत का? अक्कल हाय का नाय?" मग झोळीतून उजवा हात काढला. अंगठ्यानं कुंकू लावलं. टाके ताणले, डोळ्यांपुढं अंधारी आली. लाइनीवरच्या पोरी माना खाली घालून उभ्या. मी म्हणाले, "माझं चुकलं. माफ कर." सुपरवायझर मोबाइलवर शूटिंग करत होता. साहेबांनी नारळ फोडला. मला पेढा दिला. तो मी डाव्या हातात घेतला, तेव्हा कुणी काही म्हणालं नाही.

काय चुकलं होतं माझं?

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. हात बाहेर राहावेत म्हणून केलेली सोय. पण त्यानं माल कमी निघतो. म्हणून सुपरवायझर एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवायचा. मग एका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं बटण दाबायचं. तपासणीला कुणी येणार असलं की पट्ट्या निघायच्या. ते गेले की परत लागायच्या. जी पोरगी पट्टी काढेल ती दुसऱ्या दिवशी घरी. साहेबांना हे ठाऊक नव्हतं म्हणता? त्यांच्या केबिनच्या काचेतून आमचीच लाइन दिसते.

दिवाळीनंतर मला कामावरून काढलं. नुकसानभरपाई मागितली तर म्हणाले, ही आमची कामगारच नाही, ठेकेदाराची आहे. मी वकीलबाई गाठल्या. दावा लावला. तिथं त्यांनी दुसराच सूर धरला. म्हणे, जास्त माल काढायच्या हावेपोटी हिनंच पट्टी लावली. जाणूनबुजून नियम मोडला, तेव्हा भरपाई कसली?

पुरावा? खंडेनवमीचं शूटिंग.

भर कोर्टात लावलं ते. माझी साडी, माझी झोळी, माझा रडवेला आवाज. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

कंपनीच्या वकिलानं विचारलं, "आवाज तुमचाच ना?"

"व्हय."

"'माझं चुकलं' असं तुम्हीच म्हणालात ना?"

"व्हय, पण..."

"पण नको. हो की नाही?"

मागच्या बाकावर साहेब गालात हसत होते. ते हसू बघितलं आणि माझं डोकं फिरलं. बिनबोटांचा हात मी लोकांत कायम पदराखाली ठेवायचे. तो काढला आणि पुढच्या कठड्यावर ठेवला.

"जजसाहेब, आमच्यात पुस्तकाला पाय लागला तरी पाया पडतेत. केरसुणीला लागला तरी पडतेत. म्हणून काय गुन्हा कबूल केला व्हय? ह्यांनीच गाडी धाडून मला नेलं, ह्यांनीच बोलायला लावलं. तवाबी बटणावरची पट्टी त्या हाराखाली व्हती."

वकील म्हणाला, "शूटिंगमध्ये तर फुलंच दिसतात." दोन-चार जण खो खो हसले. जजसाहेबांनी त्यांना दटावलं, माझं बोलणं लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली.

बाहेर पायऱ्यांवर तो आला. हो, तोच साहेब. त्या दिवसापासून मी त्याला अहो-जाहो करत नाही. माझ्याकडं न बघता, माझ्यासोबत आलेल्या आईशी बोलला. "मावशी, कशाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवता? तडजोड करू. काहीतरी देतो. चूक तिची होती, एवढं लिहून द्या. आणि धाकटीला पाठवा कामाला. त्या प्रेसवर जागा रिकामीच आहे."

आईनं पदर डोळ्यांना लावला. "घे बाई. मोठ्या लोकांसंगं आपला काय निभाव लागायचा?"

आईचा राग नाही आला मला. तिची सगळी हयात हात जोडण्यात गेली. पण ह्यानं माझा हात खाल्ला आणि आता माझ्या बहिणीचा मागत होता, तोही उपकार म्हणून.

मी म्हणाले, "तुझी पोरगी बसव त्या प्रेसवर. बटणाला पट्टी मी लावते."

त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं. त्याच्या मागं उभा असलेला सुपरवायझर माझ्या अंगावर धावला. साहेबानं त्याला अडवलं, "राहू दे. कोर्ट आहे." कोर्ट नसतं तर काय केलं असतं, ते मला समजलं.

मला भरपाई हवी. का नको? एका हातानं भाकर थापता येत नाही, वेणी घालता येत नाही, पातेलं उतरवता येत नाही. पण चूक माझी होती असं लिहून देऊन त्याचा छदामही घेणार नाही. धाकटी त्या गेटातून आत जाणार नाही. वकीलबाई म्हणतात, वर्षं जातील, हरूही शकतो. जाऊ देत. हरले तर वरच्या कोर्टात जाईन. त्यांना मी सांगून ठेवलंय, साक्षीला त्याला ओढा. पट्टी कुणाच्या हुकमानं लागत होती ते त्यानं पिंजऱ्यात उभं राहून, शपथ घेऊन सांगायचं. आणि मी समोर बसणार. पहिल्या बाकावर.