मामीचं खाजगी बोलणं

आमच्या मामीला देवाने घसा दिलाच नाही. सरळ भोंगा बसवून दिला. ती सानगडीत शिंकली की लाखनीला हायवेवरचे ट्रक ब्रेक मारतात, हे मी शपथेवर सांगतो. अशा बाईला गावची आशाताई केलं, आणि काम काय दिलं? दोन लेकरांत अंतर ठेवा, हे बायकांच्या कानात सांगण्याचं! मामीच्या लेखी कान म्हणजे अख्खा आठवडी बाजार. एका लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढता वाढता तिने नवरदेवालाच विचारलं, "जवाईबापू, लेकराची घाई त नाही ना?" नवरदेव जिलेबीसकट मांडवाबाहेर पळाला, तो थेट वरातीलाच सापडला.

पण गेल्या पावसाळ्यात हा आवाज जिवावर उठला. शेजारच्या सुनेचं दुसऱ्या बाळंतपणात एवढं रक्त गेलं, की डॉक्टरांनी बजावलं, तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले तर वाचणार नाही. सून तांबी बसवायला तयार. सासूला मात्र लगेच नातू हवा. मामी त्यांच्या घरी खाजगीत बोलायला गेली. ते खाजगी पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू आलं. "गावभर इज्जत काढली माही!" म्हणत सासूने दार लावलं आणि सुनेचं मामीशी बोलणंच बंद केलं. मामी आमच्याकडे येऊन बसली. चहा निवला तरी कपाला हात लावेना. "पोरगी हातची जाईन रे, माह्या तोंडापायी."

आठ दिवसांनी आमच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाचा रोवणा लागला. मी कडेच्या धुऱ्यावरून रोपांच्या पेंढ्या फेकत होतो. ओळीत सासू उतरली, आणि मामी मुद्दाम तिच्याच शेजारी चिखलात उभी राहिली. बायका गाणं विसरल्या. आता स्फोट होणार म्हणून मी पेंढी हातातच धरली. मामी मुकाट. एक ओळ झाली, दोन झाल्या. रोवताना सगळ्याच वाकलेल्या. कोणाला कोणाचं तोंड दिसत नाही.

शेवटी सासूच बोलली, "काहून वं आशाबाई, आज मुकी झाली?"

"तुमी बोला काकू. मी आयकून राहिली."

आणखी चार रोपं चिखलात गेली. मग सासू खालीच बघत म्हणाली, "माही लहान बहीण अशीच गेली वं. रक्त थांबेचना. मी पाय धरून बसली होती."

मामीने काहीतरी उत्तर दिलं. मी दहा हातांवर होतो, तरी मला ऐकू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. सासूने मनगटाने डोळे पुसले. "उद्या ने तिले दवाखान्यात. मी बी येतो."

दुसऱ्या दिवशी तिघी एसटीत चढल्या. मामीने कंडक्टरला अशी हाक मारली की पिंपळावरचे पोपट उडाले. बस गेली, आणि गाव इतकं शांत झालं की मला करमेना. बांधीत ती काय कुजबुजली, ते मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर ती सांगेल. आणि मग ते खाजगी राहणार नाही.