सेसिलियाताईंची चौकशी

सेसिलियाताई साळवे कुठलीही गोष्ट उन्हात नेऊन बघितल्याशिवाय पास करत नसत. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या ज्या डाइंग मिलमध्ये आम्ही दोघी कामाला होतो, तिथे रंगवलेला कपडा गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी जुळतो की नाही हे बघणं, हेच त्यांचं काम होतं. लॅबमध्ये त्यासाठी दिव्यांची पेटी होती. पेटीत बघून झालं तरी ताई दोन्ही तुकडे घेऊन अंगणात जात, मान तिरकी करून बघत आणि मगच सही करत. रंगखात्याचे मास्टर कुरकुरले की म्हणत, "आतल्या दिव्याचं मला सांगू नका. आतल्या दिव्यात सगळेच चांगले दिसतात." कपड्यापुरतं हे ठीक होतं, पण ताई मिठाई, औषधाच्या गोळ्या, शेजारपाजारचे जावई, सगळंच उजेडात नेत. माझं लग्न झाल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याला "जरा गॅलरीत या हो" म्हणून बाहेर बोलावलं, दोन मिनिटं निरखलं आणि आत येऊन माझ्या कानात सांगितलं, "ठीक वाटतोय. पण लक्ष ठेव." मी अजून ठेवते.

भेस्तानला आमची दारं समोरासमोर होती. ताई मूळच्या जालन्याकडच्या, कॅथलिक. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडी, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला छोटा क्रूस. नवऱ्याचं लग्नाआधीपासून दुसऱ्या बाईकडे जाणं होतं, आईनं हट्ट धरला म्हणून तो ताईंशी लग्नाला उभा राहिला होता. पुढे दारू आणि मारहाण. सात वर्षं काढून ताई सुरतेला निघून आल्या आणि कोर्टातून घटस्फोट घेतला. "तो कागदावर सुटला," असं म्हणून त्या विषय संपवत. कारण कोर्टानं मोकळं केलं तरी चर्च घटस्फोट मानत नाही. चर्चच्या लेखी ताई अजून त्या माणसाची बायकोच होत्या.

एका नाताळात मी त्यांच्याबरोबर चर्चला गेले. मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, चालू होती. एका क्षणी सगळी माणसं उठून रांगेनं वेदीकडे निघाली आणि फादर एकेकाला ख्रिस्तप्रसाद देऊ लागले. ताई शेवटच्या बाकावर बसून राहिल्या.

"तुम्ही नाही जात?" मी विचारलं.

"मला चालत नाही. घटस्फोटवाल्यांना चालत नाही."

"असं कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? समजतं माणसाला," ताई म्हणाल्या आणि पदर सारखा करून समोर बघत राहिल्या. आठ-नऊ वर्षं दर रविवारी त्या तशाच बसत होत्या, हे मला नंतर कळलं.

थॉमसभाऊ त्याच बाकावरचे. इच्छापोरच्या एका कारखान्यात क्रेन चालवत, रात्रपाळी उरकून येत म्हणून त्यांना मागचीच जागा मिळे. बायको वारून काही वर्षं झाली होती. बोलणं कमी, मिशी जास्त. एका रविवारी ते ताईंना म्हणाले, "बाई, तुमचा गुडघा दुखतो का? फादरांना सांगू का, प्रसाद इथं बाकावर आणून देतील."

ताई घरी आल्या त्या तणतणतच. "माझ्या गुडघ्याशी ह्याला काय करायचंय? इतके दिवस बघत होता म्हणजे! बाईमाणूस उठते का बसते, ह्यावर लक्ष ठेवतो म्हणजे माणूस कसा असेल?"

"तुम्हीही सगळ्यांवर लक्ष ठेवताच की," मी म्हटलं.

"मी वाईट हेतूनं नाही ठेवत."

पण गुडघ्याची चौकशी पुढच्या रविवारीही झाली, त्याच्या पुढच्याही. मग एक दिवस थॉमसभाऊ भेस्तानला चहाला आले. ताईंनी दोन खुर्च्या बाहेर गॅलरीत मांडल्या, दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघड्या ठेवल्या आणि मला हाक मारली, "सुनंदा, तुझी भाजी निवडायची राहिली असेल ना? ती घेऊन इकडेच बस." त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी माझी भाजी निवडायची राहायला लागली. मी मेथी निवडली, शेपू निवडला, गवारीच्या शिरा काढून काढून नखं हिरवी झाली. समोर ती दोघं मिलच्या पाळ्या, पाण्याचा टँकर आणि गुडघा यांवर बोलत. माझी सासू धुळ्याकडची, ती दारातून अहिराणीत विचारी, "हाऊ माणूस काब्र येस वं?" हा माणूस येतो कशाला, याला मी "चहाला" एवढंच उत्तर देई.

ताईंच्या सोबतीनं माझीही नजर बिघडली होती. मला थॉमसभाऊंचं सगळंच खटकू लागलं. हा माणूस मोकळा. विधुर. उद्या कुणाशीही चर्चमध्ये वाजतगाजत लग्न करू शकेल. मग जिच्याशी करताच येत नाही, तिच्याच दारात येऊन का बसतो? शिवाय मध्येच त्यांचा फोन वाजे आणि ते जिन्याखाली जाऊन हळू आवाजात बोलत. ताई माझ्याकडे बघत, मी त्यांच्याकडे.

"आहे कुणीतरी," ताई म्हणाल्या. "आपण जाऊन बघू."

आम्ही बस पकडून इच्छापोरला गेलो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "थॉमसभाई? बहु सारा माणस छे." फार चांगला माणूस, हे ऐकून ताईंचा चेहरा लगेच पडला. "बघ. आधीच सांगून ठेवलंय ह्याला." पुढे खोली सापडली. दारात एक म्हातारी मिरच्या वाळत घालत होती. कोण पाहिजे म्हणून तिनं विचारलं आणि ताई, ज्या आयुष्यात खोटं बोलल्या नसतील, ताडकन म्हणाल्या, "आम्ही जनगणनेच्या."

म्हातारीनं त्यांना वर-खाली न्याहाळलं. "जनगणनेच्या काय! भेस्तानची ना तू? चष्म्यावरून ओळखलं. ये, बस."

ती मार्थाआजी, थॉमसभाऊंच्या वारलेल्या बायकोची आई. लेक गेली तरी जावयानं तिला सोडलं नव्हतं. जिन्याखालच्या फोनवर तीच असे. डाळ किती वेळ भिजवू आणि माझा चष्मा कुठं ठेवलास, एवढंच विचारायला ती फोन करी. मला इतकं हलकं वाटलं की मी दोन कप चहा प्यायले. ताई मात्र परतीच्या बसमध्ये कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या.

"मेलेल्या बायकोची आई कोण सांभाळतं, सुनंदा? इतकं चांगलं कुणी असतं का? काहीतरी असणार."

थॉमसभाऊंनी लग्नाचं विचारलं तेही गॅलरीतच, माझ्या आणि एक जुडी पालकाच्या साक्षीनं. ताई म्हणाल्या, "माझं लग्न झालेलं आहे." भाऊ म्हणाले, "मग फादरांना विचारू, काय मार्ग आहे ते. आणि तुम्ही प्रसादाला का जात नाही, तेही विचारू." ताईंना यातही डाव दिसला. फादर ह्याच्या ओळखीचे, ते ह्याच्यासारखंच बोलणार. भाऊ गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "तू विचारून ये. तू हिंदू आहेस. तुझ्याशी गोड बोलून फादरना काही मिळायचं नाही."

मी गेले. फादर तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. मी ताईंचं नाव न घेता सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सिर्फ डिवोर्स हुआ है? दूसरी शादी नहीं की, किसी के साथ रहती भी नहीं? तो कन्फेशन करके आने दो ना उनको. किसने रोका है?"

मी धावत घरी आले. ताईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नवीन आहे तो. त्याला अजून माहीत नसेल." पण दुसऱ्या दिवशी त्या अर्धी रजा टाकून स्वतः गेल्या. परत आल्या त्या घरात गेल्याच नाहीत, जिन्यातच बसल्या. "कुणीच रोखलं नव्हतं गं," म्हणाल्या, "मीच बसून राहिले. एकदा विचारलं असतं तर!" आणि तोंडाला पदर लावून रडल्या. मीही रडले. त्यांच्या देवाशी माझा काय संबंध, पण त्या बाकावर बसलेली ती पाठ मला दिसत होती.

पुढच्या रविवारी ताई रांगेत उभ्या राहिल्या. आणि त्याच दुपारी त्यांनी थॉमसभाऊंना सांगितलं की यापुढे येऊ नका. कारण फादरांनी दुसरी गोष्टही स्पष्ट सांगितली होती. कोर्टात जाऊन दुसरं लग्न केलं तर प्रसाद बंद. चर्चमध्ये लग्न करायचं तर आधी चर्चच्या न्यायालयानं पहिलं लग्न मुळात लागलंच नव्हतं, असा निकाल द्यायला हवा.

"लागलं नव्हतं?" ताई गॅलरीत उभ्या राहून बोलत होत्या, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा. "मी होते तिथं! लागलंच नव्हतं तर सात वर्षं मी कुणाचा मार खाल्ला? आता तुमच्याशी संसार मांडायला मी खोटं बोलू? आणि नऊ वर्षांनी हातात आलेलं पुन्हा घालवू? तुम्ही मोकळे आहात. दुसरी बघा."

भाऊ म्हणाले, "दुसरी बघितली तर तिची चौकशी कोण करणार?" ताई हसल्या नाहीत. भाऊंनी कप उचलून आत मोरीपाशी ठेवला आणि गेले. दोन महिने गॅलरीत खुर्च्या आल्या नाहीत. मिलमध्ये ताई दोनदा रंगात चुकल्या, जे कधीच झालं नव्हतं. मला त्यांची दया येत होती आणि रागही.

मग एक दिवस मार्थाआजी रिक्षानं एकटी आली. धापा टाकत जिना चढली आणि बसायच्या आधीच बोलायला लागली. "मला सगळं सांगितलंय त्यानं. बाई, तुला खोटं कोण बोल म्हणतंय? लग्न तू केलंस. मनापासून केलंस. तुझ्या नवऱ्यानं केलं का? त्याचा जीव आधीच दुसरीकडं होता. एकटीनं केलेलं लग्न लागतं का? एवढंच सांगायचंय तिथं. जे झालं ते."

ताई चष्म्यातून रोखून बघत होत्या. "तुमचा ह्यात काय फायदा?"

मला वाटलं म्हातारी आता रागावणार. पण ती शांतपणे म्हणाली, "थॉमस चहा पाणचट करतो. भाकरी कच्ची ठेवतो. दिवसभर घरात बोलायला कुणी नाही. मी म्हातारी झाले, मला घरात बाई पाहिजे."

ताईंचा चेहरा एकदम सैल झाला. इतक्या दिवसांत मी तो तसा पाहिला नव्हता. आजी गेल्यावर मला म्हणाल्या, "हिला स्वतःसाठी काहीतरी हवंय. हिचं बोलणं खरं असणार." आणि त्याच आठवड्यात त्यांनी चर्चच्या न्यायालयात अर्ज केला.

पुढची दीडेक वर्षं चौकशीत गेली, आणि या वेळी चौकशी ताईंची होती. त्यांना परक्या माणसांसमोर बसून सगळं सांगावं लागलं. जालन्याहून मोठी बहीण येऊन साक्ष देऊन गेली. नवऱ्याला बोलावणी गेली, तो आला नाही. रविवारी खुर्च्या पुन्हा गॅलरीत आल्या, फळ्या पुन्हा सताड उघड्या. मी पुन्हा गवार घेऊन बसू लागले. निकाल ताईंच्या बाजूनं लागला तेव्हा त्यांनी तो उन्हात नेऊन दोनदा वाचला.

आता त्या इच्छापोरला राहतात. समोरच्या दारात दुसरं बिऱ्हाड आलंय, ते दार बंद ठेवतात. ताईंची आठवण आली की मला लग्नाचा दिवस आठवत नाही, त्याआधीचे तीन रविवार आठवतात. कॅथलिकांत लग्नाआधी तीन रविवारी भर मिस्सेत वधूवरांची नावं वाचतात आणि या लग्नाला कुणाची हरकत असेल तर त्यानं कळवावं, असं सांगतात. साध्यासुध्या मुलीही त्या वेळी लाजून खाली बघतात. ताईंसारख्या बाईचं काय झालं असेल! त्यांनी मला तिन्ही रविवारी शेजारी बसवलं आणि माझं मनगट धरून ठेवलं.

पहिल्या रविवारी फादरांनी हिंदीतून नावं वाचली आणि "किसी को आपत्ति हो तो" म्हणाले तेव्हा ताईंनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या रविवारी त्या सारख्या मागच्या दाराकडे वळून बघत होत्या. "तो येईल," पहिल्या नवऱ्याचं नाव न घेता त्या मला कुजबुजल्या. "सगळं सुरळीत होऊ देणार नाही तो." तिसऱ्या रविवारी नावं वाचून झाली आणि नेमकं तेव्हाच पुढच्या बाकावरून कुणीतरी उठलं. ताईंनी माझं मनगट आणखी आवळलं. मार्थाआजी होती. ती हळूहळू चालत बाजूच्या बाकावर, पंख्याखाली जाऊन बसली. फादर पुढचं वाचू लागले.

मिस्सा संपली. लोक बाहेर पडताना ताईंचं अभिनंदन करत होते, कुणी हात मिळवत होतं, एका गुजराती बाईंनी त्यांना जवळ घेतलं. ताई प्रत्येकाकडे टक लावून बघत होत्या. अंगण जरा रिकामं झालं तशा माझ्याकडे वळल्या. डोळे भरून आले होते.

"कुणीच काही म्हणालं नाही, सुनंदा."

"नाही ताई."

"एवढी माणसं होती. कुणाचीच हरकत नव्हती."

"नव्हती."

मग त्या थांबल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून विचारलं, "आणि तुझी?"

मी फाटकाकडे पाहिलं. थॉमसभाऊ आजीला रिक्षात बसवत होते, तिची काठी एका हातात, चप्पल दुसऱ्या हातात. इतकं चांगलं कुणी असतं का, हा प्रश्न माझ्याही मनातून पुरता गेलेला नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "माझी पण नाही."