तीन डबे आपले, एक परका

आमच्या साळ्यासारखा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नाही, आणि नाही तेच बरं आहे. असे दोन असते तर लोकांनी शिंकणंच सोडलं असतं. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. जनावरांच्या कॉलेजात कोंबड्या-डुकरांचा फ्लू शिकवता शिकवता रिटायर झाला, पण नोकरी रिटायर झाली, तोंड नाही. कुणी शिंकलं की दुनिया मागे सरकते, हा पुढे सरकतो. पुतणीच्या लग्नात नवरदेवाचा मामा शिंकला, तर यानं हातातल्या अक्षता तशाच ठेवून विचारलं, "घरी डुकरं पाळता का?" वरात परत जायची वेळ आली. मी मधे पडलो तर मलाच म्हणतो, "भाऊजी, डुकराच्या अंगात माणसाचाही फ्लू शिरते, पाखराचाही. विचारलं तं का बिघडलं?"

माझं महाल भागात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, शिक्षण चौथी. त्याचं बोलणं माझ्या डोक्यावरून जाई. मी चिडलो की बायको म्हणे, "बोलू द्या न त्याले. बोलला नाही तं जेवण पचत नाही त्याचं." मग दोघं बहीणभाऊ हसत, ती स्वयंपाकघरातून, हा बाहेरच्या खोलीतून. दोघांचं हसणं एकच. आधी आवाज नाही, नुसते खांदे हलतात. मग एकदम फळीवरून भांडी पडल्यासारखा खणखणाट.

मागच्या थंडीत ती गेली. ताप आला, छाती भरली, धंतोलीत एका दवाखान्यात ठेवली. मी हुडकेश्वरच्या घरून टिफिन नेत असे. चार डबे, वर कडी. याच टिफिनमधे तिनं मला वर्षानुवर्षं दुकानात जेवण पाठवलं. प्रत्येक डब्यावर तिचं नाव कोरलेलं, 'सौ. सुमन'. दवाखान्यात भांडी घासायला नळ एकच, आणि त्यावर विदर्भातल्या गावोगावचे टिफिन. ती दोन घास खायची. मग तेही बंद झालं.

तेरवी झाल्यावर साळ्यानं टिफिन उघडला. तिसऱ्या डब्यावर नाव, 'सौ. कांता'. नळावर कुणाशी तरी अदलाबदल झाली होती. रडता रडता हा ओरडला, "भाऊजी, हेच! हेच तं मी इतके वर्षं सांगून राहिलो!" वाटलं, द्यावी एक ठेवून. पण तो खाली बसला, डबे मांडले आणि सांगायला लागला. "डबे सुटे हायेत म्हणून बदलले. एकच मोठा डबा असता तं असा बदलला नसता. फ्लूच्या विषाणूचा वारसा, म्हंजे जनुकं, असाच सुटा, आठ तुकड्यायचा. पाखराचा अन् माणसाचा फ्लू डुकराच्या एकाच पेशीत शिरले, का दोघायच्या तुकड्यायच्या ढीगभर नकला निघतात, एका नळावर पडल्यासारख्या. नवा विषाणू भरताना काही इकडचे, काही तिकडचे. बाहेर येते तो तिसराच. अन् कांताबाईचा डबा आपल्या कडीत बसला काहून? माप एक. फ्लूचा तुकडा फ्लूतच बसते, देवीच्या रोगात नाही."

जन्मात पहिल्यांदा मला त्याचं बोलणं कळलं. मी विचारलं, "मंग सांग. तिले याआधीही ताप यायचा, उठून बसायची. या खेपेले काहून नाही उठली?"

त्यानं एका डब्यावरच्या नावावरून बोट फिरवलं. "थोडाथोडा तं फ्लू नेहमीच बदलते, भाऊजी. घासून घासून नाव पुसट व्हावं तसा. अंग थोडंफार ओळखते. कधी अख्खा डबाच बदलते, मंग नाही ओळखत. ताईच्या अंगात कोणता होता, मले नाही माहीत."

हा माणूस 'माहीत नाही' म्हणाला, तेव्हा मला खरं रडू आलं. मी म्हटलं, "ते राहू दे. मले तिचा डबा पाहिजे."

तेव्हापासून दर रविवारी हा कांताबाईचा डबा घेऊन धंतोलीत त्या नळाशी उभा राहतो आणि लोकांच्या टिफिनवरची नावं वाचतो. चौकीदारानं त्याला भांडीचोर म्हणून धरलं, तर त्यालाच डुकराची पेशी समजावली. एका बाईनं तर "आधी भाकर खा गा, मंग बोल" म्हणून बसवून घेतलं. दुपारी तो माझ्याकडे येतो. मी वांग्याची भाजी करतो, ती करपते, तो खातो.

"सापडला का गा?"

"नाही न, भाऊजी."

परवा म्हणाला, "आता सोडा. कोण्या गावात चांगला नांदत असन तो. भाजी वाढता वाढता कोणी विचारत असन, ही सुमन कोण वं?"

मी म्हटलं, "नाही. येत्या रविवारी जाय."

"अन् त्या चौकीदारानं पुन्हा धरलं तं?"

"तं धरू दे. त्याले तेवढीच विद्या भेटन."

त्याचे खांदे हलायला लागले. आवाज यायचा होता अजून. मी सवयीनं स्वयंपाकघराकडे पाहिलं.